‘गाडी जुनी आहे’ हे उत्तर यापुढे चालणार नाही

सार्वजनिक फास्ट चार्जर वापरणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यांना अनुदान देणाऱ्या सर्वांसाठी पत्रक



गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून पुण्याला येताना रात्री साडेदहाला महामार्गावरच्या एका फास्ट चार्जरवर थांबलो. गाडी २०२०ची, बॅटरी ११ टक्के, सोबत सत्तरी उलटलेली आई. ॲपवर चार्जर हिरवा होता. गन लावली, खटका लागला, पडद्यावर ‘तयारी सुरू’ असं आलं आणि मिनिटभरात लाल अक्षरं उमटली. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा तेच. हेल्पलाइनवरच्या माणसानं गाडीचं साल विचारलं आणि निकाल देऊन टाकला : “सर, तुमची गाडी जुनी आहे. तिचाच प्रॉब्लेम असणार.”

थोड्या वेळानं तिथं एक नवी कोरी गाडी आली. तीच गन, तीच लाल अक्षरं. पुन्हा फोन लावला. आता तोच माणूस म्हणाला, की हा चार्जर दुपारपासूनच बंद आहे. पुढच्या एका ढाबेवाल्यानं १५ अँपिअरचा सॉकेट वापरू दिला. चार तास गाडी तिथं लावून ठेवली. आई तेवढा वेळ बाजेवर बसून होती. पहाटे आम्ही खंबाटकी घाट ओलांडला.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता तर पत्रक काढलं नसतं. पाच-सहा वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ‘गाडी जुनी आहे’ हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतं. आमचं म्हणणं एकच आहे : दोष कुणाचा, हे आधी तपासा आणि मग बोला. ही तपासणी अवघड नाही. गाडीवाल्यानं ती शिकून घ्यावी आणि चार्जर चालवणाऱ्यानं तिचा निकाल मान्य करावा.

चार्जिंग कुठं अडलं, ते पाहा

पहिला टप्पा गन लावण्याआधीचा. ॲप उघडत नाही, वॉलेटमध्ये पैसे असून घेत नाही, ओटीपी येत नाही, पडदा काळा आहे. इथं गाडीचा काडीचाही संबंध नाही. चार्जरवरचं लाल आपत्कालीन बटण आत दाबलेलं राहिलं असेल तरीही चार्जर सुरू होत नाही. तसं दिसलं तर हेल्पलाइनला विचारूनच ते मोकळं करा.

दुसरा टप्पा गन लागल्यानंतरचा, वीज सुरू होण्याआधीचा. या वेळात गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात : किती व्होल्ट हवेत, किती करंट झेपेल. हे बोलणं गनच्या वरच्या भागातल्या एका बारीक पिनेवरून चालतं. जाड केबलच्या वजनानं गन खाली ओढली गेली की त्या पिनेचा संपर्क सुटतो. म्हणून कुलूप लागेपर्यंत गन हातानं वर उचलून धरा. त्यानंतर चार्जर केबलमधून वीज कुठं गळते का, ते तपासतो. उघड्यावर लोंबणाऱ्या गनमध्ये पावसाचं पाणी गेलं असेल तर तो इथंच थांबतो, आणि तसं थांबणं योग्यच आहे. पण गनवर साधं झाकण आणि डोक्यावर पत्रा नसणं हा गाडीचा दोष कसा?

याच टप्प्यावर गाडीचाही दोष असू शकतो, तोही मोकळेपणानं सांगतो. मोठी बॅटरी कितीही धडधाकट असली तरी गाडीतला संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच चालतात ते १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर. ती चार-पाच वर्षांत थकते आणि मग बोलणं अर्ध्यात तुटतं. काही हजार रुपयांत ती बदलता येते. प्रवासाला निघण्याआधी ती तपासून घेणं हे आपलं काम आहे.

तिसरा टप्पा : चार्जिंग सुरू होतं आणि दहा मिनिटांत तुटतं. एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून आलेली बॅटरी तापलेली असते. अशा वेळी गाडी स्वतःहून करंट कमी करते. करंट हळूहळू उतरला तर तो गाडीचा शहाणपणा समजा. पण एका झटक्यात सगळं बंद पडलं तर चार्जरचं तापणं, गनमधल्या झिजलेल्या पिना किंवा मागून येणाऱ्या विजेचा चढउतार यांचा संशय आधी घ्या.

चौथा टप्पा : सगळं चालतं, पण हळू. इथं गाडीवाल्यांनीही समजून घ्यावं. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलं म्हणून गाडी ६० घेत नाही. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची, आणि शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत एक तास लागेल, असं कंपनीनंच सांगितलं होतं. म्हणजे तासाला सुमारे २४ युनिट, म्हणजेच २४ किलोवॅट. पडद्यावर तेवढा आकडा दिसला तर गाडी आणि चार्जर दोघेही नीट आहेत. ८० टक्क्यांनंतर वेग आणखी घटतो. मागं कुणी थांबलं असेल तर तिथंच गन काढा.

शेवटची कसोटी सगळ्यात सोपी आहे. त्याच गनला दुसरी गाडी लावून पाहा आणि आपल्या गाडीला दुसरी गन लावून पाहा. त्या गनवर दुसरी गाडीही अडली तर चार्जर बिघडलाय. आपली गाडी तीन निरनिराळ्या ठिकाणी अडली तर सर्व्हिस सेंटर गाठा. एवढं केल्याशिवाय फोनवरून गाडीला दोष देणाऱ्याला आम्ही तंत्रज्ञ म्हणणार नाही.

जुनी म्हणजे किती जुनी?

२०२०च्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला कंपनीनं ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली. त्या साली घेतलेल्या आणि तेवढे किलोमीटर न झालेल्या गाडीची हमी २०२८पर्यंत चालते. कारखाना ज्या बॅटरीची जबाबदारी अजून घेतो, तिला चार्जरवाल्यानं मोडीत काढायचा अधिकार कुणी दिला?

जुन्या गाड्या डीआयएन ७०१२१ नावाच्या आधीच्या पद्धतीनं चार्जरशी बोलतात. नवा चार्जर बसवताना किंवा त्याचं सॉफ्टवेअर बदलताना ही भाषा शाबूत राहिली की नाही, हे पाहणं बसवणाऱ्याचं काम आहे. रस्त्यात अडकलेल्या कुटुंबावर ती चाचणी करू नका.

त्याहून आधीच्या गाड्यांची कथा तर करुण आहे. २०१७ साली ‘भारत डीसी-००१’ हा चार्जर देशाचं मानक म्हणून पुढं आला. क्षमता जेमतेम १५ किलोवॅट. ई-व्हेरिटो आणि सरकारी खात्यांसाठी घेतलेल्या सुरुवातीच्या टिगोर या ७२ व्होल्टच्या गाड्या त्यावर चार्ज व्हायच्या. पुढं सगळे सीसीएस-२ या आजच्या फास्ट चार्जरच्या मानकाकडे वळले. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच झालं. पण ७२ व्होल्टच्या बॅटरीला शेकडो व्होल्टचा चार्जर कुठलाही अडॅप्टर लावून जोडता येत नाही. सरकारनं सांगितलेल्या मानकावर विश्वास ठेवून ज्यांनी गाडी घेतली, त्यांना किमान एक साधा सॉकेट तरी मिळायला नको का?

काही जण म्हणतात, जुन्या गाड्या थोड्या, वीज कमी घेतात आणि गन तासभर अडवतात. त्यांच्यासाठी खर्च कशाला? याला उत्तर आहे. यातले अनेक चार्जर जनतेच्या पैशावर उभे राहिले. फेम-२ योजनेतून तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. आम्ही सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी भरतो. जुन्या गाडीला त्यात सूट नाही. आणि जुनी गाडी पुढं कोण घेतो? ज्याला नवी परवडत नाही तो. टॅक्सीवाला, शिक्षक, पहिल्यांदाच गाडी घेणारं घर. चार्जर जुन्या गाडीला नाकारू लागले तर तिला गिऱ्हाईक उरणार नाही आणि इलेक्ट्रिक गाडी कायम पैसेवाल्यांची राहील. आज शोरूममधून निघणारी गाडीही पाच वर्षांनी याच रांगेत उभी असणार आहे.

आमच्या मागण्या

१. ॲपवरचा हिरवा रंग खरा असावा. गन बंद पडली की तासाभरात ॲपवर तसं दिसलं पाहिजे.

२. बिघाडाचा क्रमांक आणि त्याचा अर्थ पडद्यावर मराठीत दाखवा.

३. अर्ध्यात तुटलेल्या चार्जिंगचे उरलेले पैसे मागणी न करता परत द्या.

४. सॉफ्टवेअर बदलल्यावर जुन्या मॉडेलच्या गाड्या प्रत्यक्ष लावून पाहा.

५. प्रत्येक स्टेशनवर छप्पर, दिवा आणि अर्थिंग असलेला किमान एक १५ अँपिअरचा सॉकेट द्या.

६. अनुदानाचा शेवटचा हप्ता चार्जर वर्षभर चालल्याचा हिशेब पाहूनच द्यावा. महामार्गावर दर २५ किलोमीटरला स्टेशन हवं, असं केंद्रानं २०१८ सालीच ठरवलं. त्यात बंद पडलेली स्टेशनं मोजू नयेत.

गाडीवाल्यांनो, तुम्हीही एवढं करा. चार्जिंग फसलं की पडद्याचा फोटो काढा. वेळ, गनचा क्रमांक आणि कोणत्या टप्प्यावर अडलं ते लिहा. तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. शेजारी दुसरी गाडी असेल तर तिच्या मालकाला कसोटीत सामील करून घ्या. फोनवरचा राग हवेत विरतो, लेखी नोंद विरत नाही.

चार्जर बसवला म्हणून काम झालं असं नाही. फीत कापल्याचा फोटो एका दिवसाचा असतो. गन रोज रात्री चालावी लागते. रात्री साडेदहाला पावसात आलेल्या सहा वर्षांच्या गाडीला जो चार्जर वीज देतो, तोच सार्वजनिक चार्जर.

हे पत्रक वाचा, आपल्या सोसायटीच्या फलकावर लावा आणि पुढच्या चार्जरवर भेटणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात द्या.

आपला,
एक इलेक्ट्रिक गाडीमालक