‘शाया’ आणि शाळा

भुसावळास येथील माणूस ‘भुसावय’ म्हणतो, जळगावास ‘जयगाव’, आणि शाळेस ‘शाया’. लेवा गणबोलीत ‘ळ’ हा वर्ण बहुतेक ठिकाणी ‘य’ होऊन वावरतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. ‘डोया’ म्हटल्याने कोणाची दृष्टी अधू झाल्याचे ऐकिवात नाही. तथापि पहिलीतल्या पोराला पाठ्यपुस्तकातील ‘ळ’ वाचावयाचा असतो, आणि तो तोंडात बसावा म्हणून जीभ मागे वळवून टाळूला कशी लावावयाची, हे कोणीतरी त्याच्यासमोर बसून, स्वतःचे तोंड उघडून दाखवावे लागते. माझा नातू जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाला तेव्हा त्याचा वर्ग त्याच्या आईच्या मोबाईलच्या चार बोटे रुंद काचेवर भरत असे, आणि पस्तीस-चाळीस मुलांचा गलका एकदम उठू नये म्हणून पहिल्याच मिनिटाला सर्वांना ‘म्यूट’ करण्यात येई. पोरगा मोठ्या उत्साहाने ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणत राही, पलीकडून बाई ‘शाब्बास’ म्हणत. आणि यात त्या बिचाऱ्या बाईंचा काही अपराध नव्हता, कारण त्यांना ऐकूच येत नव्हते.

तो करोनाचा आपत्काल होता, आणि पुरात सापडलेला मनुष्य हाती येईल ती फळी धरतो. त्या दिवसांत शिक्षकांनी जे केले त्यास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझा वाद आहे तो पूर ओसरल्यावरही ती फळी घरी आणून तिचा पलंग करावा म्हणणाऱ्यांशी. त्यांचा पूर्वपक्ष होईल तितक्या प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात की, ज्या पाड्यावर दहा-बारा मुलांसाठी इमारत, शिक्षक आणि पोषण आहार यांचा खर्च सरकारास सोसावा लागतो, तेथे उत्तमातल्या उत्तम शिक्षकाचा पाठ एकदाच चित्रित करून हजारो मुलांपर्यंत नेता येतो. मूल तो आपल्या गतीने, पुन्हा पुन्हा पाहू शकते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की शाळा तहकूब ठेवण्याचे कारण उरत नाही. आणि दिल्लीत धुरक्यामुळे प्राथमिक वर्ग बंद होताच पडद्यावर भरतात, मग इतरत्रच हरकत का?

यावर आमच्याकडचे विरोधक जे ठराविक उत्तर देतात, ते मला खरे वाटते पण पुरेसे वाटत नाही. ते साधनांच्या अभावाकडे बोट दाखवितात. २०२१च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण अशा घरांतीलही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता. येथे भुसावळात त्याचा खुलासा मागण्याचे कारण नाही: गार्डाचा मोबाईल गार्डाबरोबर इगतपुरीस जातो आणि केळीच्या बागेत कामास गेलेल्या बापाचा बागेत. परंतु या पायावर मी माझा दावा उभा करणार नाही. कारण उद्या सरकारने प्रत्येक पोराच्या हाती टॅब ठेवला आणि सातपुड्याच्या शेवटच्या पाड्यावर मनोरा उभारला, तर हा सारा युक्तिवाद एका खरेदीच्या हुकमासरशी निकाली निघेल, आणि दावा हरलेले मूल मात्र जेथल्या तेथे राहील.

सबब साधने सर्वांस मिळाली असे गृहीत धरूनच विचार करू. पूर्वपक्षाच्या मुळाशी अशी समजूत आहे की, शिक्षण म्हणजे एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती अंशतः खरी असेल, कारण त्याला वाचता येते आणि आपले अडले कोठे हे सांगता येते. सहा वर्षांच्या मुलाला आपले चुकते आहे हेच ठाऊक नसते. ते अक्षर उलट्या टोकाकडून काढते, बेरीज करताना हातचा विसरत नाही पण भलत्याच घरात मांडते, वाचता येत नसताना शेजारच्याच्या सुरात सूर मिसळून वाचल्याचा आव आणते. चूक घडत असतानाच पाठीमागून येऊन, पेन्सिल धरलेल्या बोटांवर आपली बोटे ठेवून ती वळविणे, एवढेच पहिली-दुसरीच्या शिक्षकाचे निम्मे काम असते. व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठाचे जे छायाचित्र जाते त्यात तयार अक्षर दिसते. ते कसे तयार झाले, आणि आईने किती तयार केले, ते दिसत नाही. चित्रित पाठ शंभर वेळा पाहता येतो हे खरे, पण तो पाठ मुलाला एकदाही पाहत नाही.

आमच्या गावाला हे पटविण्यास फार श्रम पडू नयेत. येथे रेल्वेची विभागीय कचेरी आहे, विजेच्या इंजिनांची शेड आहे, रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. आणि इंजिन चालविणाऱ्यास नव्या सेक्शनवर पाठवावयाचे झाले तर त्याला एल. आर. म्हणजे ‘लर्निंग रोड’ करावा लागतो, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चांगला मुरलेला ड्रायव्हर, पण तोही जाणत्या ड्रायव्हरासोबत त्या मार्गावर दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या करतो, चढ कोठे लागतो, कोणता सिग्नल वळणाआड दडतो ते डोळ्यांत साठवितो, आणि मार्ग ओळखीचा झाल्याची सही केल्यावाचून त्याच्या ताब्यात गाडी देत नाहीत. सिम्युलेटर आले, ते उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर एल. आर. माफ करावा असा अर्ज कोणी केल्याचे मी रेल्वेतील नोकरीच्या हयातीत पाहिले नाही. जाणत्या माणसास जी सोबत लागते, ती सहा वर्षांच्या पोराला नको असे म्हणणारे लोक रेल्वेत असते तर मी प्रवास सोडला असता.

शिवाय खुद्द सरकारी दप्तरच पूर्वपक्षाच्या विरुद्ध साक्ष देते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मुक्रर केले आहे, म्हणजे रोजचे ४ तास. आणि जुलै २०२० मध्ये राज्याने ऑनलाइन वर्गांचे जे वेळापत्रक ठरविले त्यात पहिली-दुसरीच्या वाट्यास अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रे आली, त्यांतही काही वेळ पालकांशी बोलण्याचा. कोवळ्या डोळ्यांची काळजी घेऊन हे केले, आणि योग्यच केले. पण मग कबूल करावे की, उरलेले ३ तास पडद्याला पेलत नाहीत. त्या तासांतच बाकावरचे भांडण, डब्याची वाटणी, खिचडीची रांग आणि बाराखडीचा सामुदायिक घोष असतो. राज्याने पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास मुभा दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. नातवाची पहिली संपून दुसरीही निम्मी सरली होती. त्यानंतरच्या २०२२च्या ‘असर’ पाहणीत, तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे ग्रामीण भारतातील प्रमाण २०१८च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ वर घसरलेले दिसले.

मग दूरच्या पाड्याचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. पण त्याचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी देऊन झाले आहे. ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या आदिवासी टापूत, बोर्डी-कोसबाडकडे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आढळले की, मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखावयास जातात. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. अंतर तोडावयाचे होते ते शिक्षकाने तोडले. सोलापुरात नीलमनगरच्या एका मराठी शाळेने २०२० मध्ये घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, त्यामागेही हीच बुद्धी होती. उलट वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची जी तजवीज २०२३ साली निघाली आणि जिच्यात नंदुरबारमधील तोरणमाळचा दाखला देण्यात आला, ती मला पसंत नाही. तरीही तिच्यात निदान मुलाला माणसाकडे नेण्याची भाषा आहे.

पडदा हवाच असेल तर तो शिक्षकासमोर मांडावा. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन गेले, तेव्हा प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही त्याचा उपयोग झाला होता. लेवा, अहिराणी, पावरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीकडे कसे आणावे, हे जाणत्या शिक्षकाने नव्या शिक्षकास पडद्यावरून खुशाल सांगावे. आपल्याकडे मात्र १९८४ पासून शैक्षणिक चित्रपट करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद करण्यात आली, आणि तीनच वर्षांनी सारे राज्य मुलांसाठी चित्रफिती शोधत धावले. ज्यांना होते ते यंत्र राखता आले नाही, ते मास्तर काढून नवे यंत्र बसवू म्हणतात.

नातू जानेवारी २०२२ मधली शाळांची फेरबंदी उठल्यावर पुन्हा वर्गात जाऊ लागला. नव्या बाई यावलकडच्या होत्या. त्यांच्या घरीही ‘शाया’च म्हणत असावेत, कारण पहिल्या दिवशी पोराचा ‘य’ ऐकून त्या रागावल्या नाहीत, हसल्या, त्याला खिडकीपाशी उजेडात घेऊन गेल्या आणि त्याच्यासमोर तोंड उघडून बसल्या. आठवड्याभरात ‘ळ’ आला. घरी तो अजून ‘शाया’च म्हणतो, आणि आम्ही त्याला टोकत नाही.