मालमोटारीवरील वीजसाठा : ओझे की अवयव?

सोयाबीनच्या हंगामात चिमणगंज मंडीतून भरून निघणाऱ्या मालमोटारी आम्ही माधवनगरचे विद्यार्थी लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यांच्या मागील फळीवर रंगवलेल्या ओळी वाचण्यात आम्हांस मोठी मौज वाटते. परंतु त्यांच्या पोटाखाली काय काय टांगलेले असते, इकडे मात्र आमचे लक्ष सहसा जात नाही. ते आता जावयास हवे, असे आम्हांस वाटते. कारण डिझेलच्या टाकीशेजारी नव्या काळाची आणखी एक पेटी येऊ पाहत आहे. ती पेटी म्हणजे बॅटरी होय. ती कोठे बसवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. वस्तुतः तो चालकाच्या जिवाचा, शेतकऱ्याच्या मालाचा आणि रस्त्याच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. म्हणूनच त्याविषयी आमचे मत येथे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

प्रथम ही दुहेरी शक्तीची, म्हणजेच हायब्रिड, मालमोटार कशी असते ते पाहू. तिच्यात डिझेलचे इंजिन असतेच. त्याच्या जोडीला विजेची मोटर असते. चढावर मोटर इंजिनास हातभार लावते. उतारावर हीच मोटर उलट काम करू लागते. चाके तिला फिरवितात आणि ती वीज निर्माण करते. ही किमया नवी नाही. विजेवर धावणारी आगगाडी ब्रेक लावताना वीज उत्पन्न करून ती डोक्यावरील तारेत परत पाठविते, आणि ती वीज दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. मालमोटारीच्या डोक्यावर मात्र तार नसते. मिळालेली वीज तिला स्वतःपाशीच साठवावी लागते. बॅटरीची गरज उत्पन्न होते ती येथे.

आता ही वीज असते तरी किती? पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेले सूत्र येथे उपयोगी पडते. उज्जैनहून मुंबईस जाणारी गाडी मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरते. 2018 साली केंद्र सरकारने तीन आसांच्या मालमोटारीचे कमाल एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टन केले. अशी पूर्ण भरलेली गाडी 300 मीटर खाली उतरली असे धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार सुमारे 8 कोटी 38 लाख ज्यूल येतो. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. अर्थात ही शक्ती सुमारे 23 युनिटांइतकी भरते. आज ती सारी ब्रेकच्या ड्रममध्ये, इंजिनात, चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्याशी झुंजण्यात उष्णता होऊन नष्ट होते. चाके आणि वारा यांचा वाटा तर कोणीच परत मिळवू शकत नाही. शिवाय मोटर व बॅटरी यांतही काही वीज खर्ची पडते. तरीही आमच्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास, म्हणजे 12 युनिटे, हाती लागावयास हरकत नाही.

बारा युनिटे म्हणजे डिझेलच्या मापाने फार तर अडीच-तीन लिटर. हा आकडा पाहून कोणी हसेल, आणि केवळ पैशांचाच विचार केला तर त्याचे हसणे अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु उताराचा हिशेब केवळ पैशांत करावयाचा नसतो. गणेश घाटाच्या जुन्या उतारावर ब्रेक निकामी होऊन गाड्या एकमेकींवर आदळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. मोटरने गाडीचा वेग आवरण्याचे पुष्कळसे काम स्वतःकडे घेतले, तर तेवढाच ब्रेक थंड राहील. तीन लिटर डिझेलापेक्षा हा लाभ आम्हांस कितीतरी मोठा वाटतो.

मात्र येथे एक मेख आहे. घाटमाथ्यावर पोहोचतानाच बॅटरी भरलेली असेल, तर उतारावरची वीज ठेवावयाची कोठे? भरलेल्या घड्यात पाणी मावत नाही. म्हणून पुढचा चढउतार आधी ओळखून बॅटरी वेळेवर रिकामी करणारी योजना गाडीत असावी लागते. जपानच्या हिनो कंपनीने 2019 साली बाजारात आणलेल्या प्रोफिया नावाच्या अवजड हायब्रिड मालमोटारीत अशी योजना आहे. पण योजना कितीही हुशार असली, तरी नेहमीचा ब्रेक सुस्थितीत राखण्याची जबाबदारी कमी होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही बॅटरी बसवावी कोठे? विजेच्या अनेक बसगाड्यांत ती छपरावर असते, आणि तुंबलेल्या पाण्यातून जाणाऱ्या बससाठी ते योग्यही आहे. परंतु मालमोटारीस तसे छप्पर कोठे आहे? चालकाच्या केबिनचे छप्पर म्हणावे, तर इंजिन दुरुस्त करताना आजच्या बहुतेक अवजड गाड्यांची संपूर्ण केबिनच पुढे कलती करावी लागते. शिवाय वजन जितके उंच, तितकी गाडी वळणावर कलंडण्याची भीती अधिक. केबिनच्या पाठीमागे उभी पेटी ठेवावी, तर वारा चांगला लागतो हे खरे. परंतु तेथेही वजन उंच राहते आणि माल भरण्याची लांबी घटते. चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधली जागा सर्वांत सुरक्षित दिसते. पण बहुतेक गाड्यांत तेथून इंजिनाची शक्ती मागील चाकांकडे नेणारा दांडा फिरत असतो.

तेव्हा आमच्या मते उत्तम जागा म्हणजे चासीच्या पट्टीची बाहेरील बाजू, पुढील व मागील चाकांच्या मध्ये, आणि शक्य तेथे डिझेलच्या टाकीच्या विरुद्ध अंगास. तेथे वजन खाली राहते, दोन्ही बाजूंचा तोल साधतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हातही सहज पोहोचतो. या जागेतही एक उणीव आहे, ती आम्ही लपवीत नाही. बाजूने दुसरे वाहन आदळले, तर पहिला तडाखा बॅटरीला बसतो. म्हणून पेटीच्या बाहेर मजबूत संरक्षक चौकट हवीच हवी. ती चौकट शोभेची नसून जीवरक्षणाची आहे, असे समजूनच तिची परीक्षा व्हावी.

केवळ जागा निवडून भागत नाही. बांधणीही विचारपूर्वक केली पाहिजे. खड्ड्यांतून जाताना मालमोटारीची चासी पिळली जाते. बॅटरीची पेटी चारही कोपऱ्यांनी तिला घट्ट जखडली, तर तो पीळ पेटीत उतरेल आणि कालांतराने तिला तडे जातील. म्हणून पेटी तीन ठिकाणी, रबराच्या गाद्यांवर, अशा रीतीने धरावी की चासी पिळली तरी पेटी पिळू नये. धूर बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या नळीपासून ती दूर असावी. कारण लिथियमच्या घटांना माणसाप्रमाणेच माफक हवा मानवते, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराही 40 अंशांच्या वर जातो. पाण्याचेही भय आहे. पावसाळ्यात शिप्रेवरील लहान पूल पाण्याखाली जातो, हे आम्हां उज्जैनकरांना सांगावयास नको. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही आत थेंब शिरणार नाही, अशा दर्जाच्या पेट्या आज बनतात. त्याहून कमी दर्जाची पेटी कोणी स्वस्तात देऊ लागला, तर ती घेऊ नये.

याहीपेक्षा अधिक काळजी आम्हांस एका वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्याकडे पुष्कळदा कारखान्यातून नुसती चासी येते आणि वरचा सांगाडा स्थानिक कारागीर बांधतात. हे कारागीर कुशल आहेत. त्यांच्या हाताला उपजत माप आहे. पण लोखंडी पट्टीवर जेथे सोयीचे वाटेल तेथे भोक पाडावे, जेथे गरज पडेल तेथे वेल्डिंग करावे, ही जुनी सवय शेकडो व्होल्टांच्या बॅटरीशेजारी प्राणघातक ठरेल. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांना कोणी काही सांगितले आहे काय, हे विचारावे. बॅटरीच्या सुरक्षिततेची भारतीय मानके 2022 साली अधिक कडक करण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु मानक कागदावर असते आणि छिन्नी हातात असते. चासीवर बॅटरीची जागा ठळक रंगाने आखलेली असावी, तेथे काय करू नये हे हिंदी-मराठीत लिहिलेले असावे, आणि कारागिरांना व रस्त्याकडेच्या फिटरांना वीज तोडण्याची रीत हाताला धरून शिकवावी, अशी आमची मागणी आहे.

आता ओझ्याविषयी. असा घाट उतरणाऱ्या गाडीस 25 युनिटांची बॅटरी पुरावी, असे आमचे अनुमान आहे. पेटी, थंडाव्याची सोय व पकडी धरून तिचे वजन तीनशे किलोंच्या आसपास जाईल. तीनशे किलो म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन! हा माल प्रत्येक फेरीत कमी भरावा लागला, तर मालक मर्यादेबाहेर माल भरण्याच्या मोहास बळी पडेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. युरोपीय संघाने 2015 साली पर्यायी इंधनाच्या दोन वा तीन आसांच्या गाड्यांना, त्या यंत्रणेच्या वजनापुरती, एक टनापर्यंतची सवलत एकूण वजनात दिली; एका आसावरील भाराची मर्यादा मात्र तशीच ठेवली. हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो. बॅटरीचे वजन मालात धरू नये, पण रस्ता व पूल यांना सोसावा लागणारा आसावरचा भार वाढू देऊ नये. बॅटरी दोन्ही आसांच्या मध्ये बसविण्याचा आमचा आग्रह याही कारणाने आहे.

कोणी विचारील, अर्धे डिझेल व अर्धी वीज असा संसार थाटण्यापेक्षा सर्वस्वी विजेचीच मालमोटार का नको? लहान पल्ल्यासाठी तीच बरी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु लांबच्या पल्ल्याकरिता तीनशे युनिटांची बॅटरी घेतली, तर तिचे वजन दोन टनांच्या वर जाते. शिवाय वाटेत तेवढी वीज भरून देणारी ठिकाणे हवीत. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीस हायब्रिडचा लाभ थोडाच होतो, आणि दोन यंत्रणांचा खर्च मात्र दुप्पट सोसावा लागतो. म्हणून सरसकट सर्व गाड्यांना बॅटरी लावा, असे आम्ही म्हणत नाही. जिच्या वाटेवर मानपूर, बिजासन, कसारा असे घाट आहेत, तिच्याकरिता ही सोय आहे.

शेवटी चालकाविषयी दोन शब्द. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. परंतु रात्री ढाब्यावर गाडी उभी असता ते चालवावयाचे, तर इंजिन सुरू ठेवावे लागते; डिझेल जळते, म्हणून यंत्र बंद होते आणि चालक घामाघूम होऊन तळमळत पडतो. उतारावर साठविलेली वीज ते यंत्र काही तास सहज चालवू शकेल. नीट झोपलेला चालक हाच दुसऱ्या दिवशीच्या घाटातला सर्वांत विश्वासू ब्रेक होय.

येथून सुमारे 80 किलोमीटरांवर पिथमपूर आहे. तेथे आयशरच्या मालमोटारी बनतात, आणि नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रातील 11.3 किलोमीटरांची धावपट्टी 2021 पासून सुरू आहे. आमच्या वर्गातील काही मित्र उद्या आय.टी.आय.मध्ये जातील, काही अभियंते होतील, एखादा वडिलांची गाडीही चालवील. त्यांच्यापैकी ज्याच्या हाती पाना येईल, त्याने ही पेटी केवळ लादलेले ओझे समजून जागा सापडेल तेथे टांगू नये. शरीरात हृदय जसे जपून ठेवलेले असते, तशी ती गाडीचा अवयव समजून बसवावी. आणि आम्ही बाकीच्यांनी, पुढच्या वेळी मालमोटार शेजारून गेली म्हणजे, मागच्या ओळी वाचून झाल्यावर थोडे वाकून तिच्या पोटाखालीही पाहावे, एवढीच विनंती.