फाल्गुनातील नोंदवही

निवृत्तीनंतर ताळेबंद सुटला, नोंदीची सवय मात्र सुटली नाही. फाल्गुन तापू लागल्यापासून सकाळी साडेआठ व दुपारी अडीच वाजता तापमापक पाहून आकडे लिहितो. प्रथम तो गच्चीच्या भिंतीवर टांगला होता. ती नोंद भिंतीची होती, हवेची नव्हे. ती पाने रद्द केली. आता तो सावलीत, मोकळ्या वाऱ्यावर आहे.

आपले नगर पर्जन्यछायेतले. कोरड्या हवेमुळे पहाट गार, दुपार भाजणारी. अशा उन्हात गव्हाचा दाणा भरण्याआधीच पिकतो, बारीक राहतो. वर्षाचा गहू घेताना यंदा मूठभर दाणे तळहातावर पाहावेत. आणि आडतीवरील हमालांची दुपारची भरणी सकाळीच उरकता येईल का, याचा विचार दुकानदारांनी याच आठवड्यात करावा; माझ्या वहीतील अडीचचा आकडा रोज चढतो आहे.