हात किती वर होते?

पाच विरुद्ध चार. आमच्या वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या वहीत हा निकाल माझ्याच अक्षरात आहे. खाली सहीपण माझीच. ती ओळ लिहिताना माझा हात अडखळला होता. तरी लिहिली.

गोष्ट तशी छोटी. गावातलं वाचनालय, पंधरा जणांची कार्यकारिणी, सगळे आपापली कामं सांभाळून येणारे. मी चिटणीस. मुलांच्या वाचनकट्ट्यासाठी ठेवलेले ४० हजार रुपये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेकडे वळवायचे का, हा विषय होता. मला अभ्यासिका हवी होती. त्या संध्याकाळी दहा जण हजर. बाजूने चार हात, विरोधात चार, दोघे तटस्थ. अध्यक्षकाका म्हणाले, "समसमान झालं न्हवं? मग माझं निर्णायक मत बाजूने." झालं, ठराव मंजूर.

दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या ताई उभ्या राहिल्या. "काका, पहिल्या चारात तुमचा हात होता की ओ. एका माणसाची दोन मतं कशी?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मोजणी बरोबर आहे." मोजणी बरोबरच होती. पण ताईंनी मोजणीबद्दल विचारलंच नव्हतं.

पुढचे तीन महिने भांडणात गेले. कुणी म्हणालं, हजर दहा, म्हणजे बहुमताला सहा पाहिजेत. कुणी म्हणालं, कार्यकारिणी पंधराची, म्हणजे आठ. कुणी व्हॉट्सॲपवर मतदान लावलं, त्यात कार्यकारिणीत नसलेल्यांनीही मतं टाकली. आमच्या घटनेत वाक्य एकच होतं: 'निर्णय बहुमताने घेतले जातील.' कशाचं बहुमत, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. भारतीय संविधानाच्या कलम १०० मध्ये हे स्पष्ट आहे. बहुमत मोजायचं ते हजर राहून मत देणाऱ्यांचं. तटस्थ त्यात धरायचे नाहीत. अध्यक्षाने आधी मत द्यायचंच नाही, मतं समसमान झाली तरच निर्णायक मत द्यायचं. हा नियम लावला तर आमचा ठराव तीन विरुद्ध चार असा पडला होता. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरला १८६३ मध्ये एका चर्चची सभा चालवायला लावली आणि सभेत गोंधळ माजला. त्या फजितीतून त्यांनी सभाशास्त्राचे नियम जमवले, १८७६ मध्ये पुस्तक काढलं. त्यांच्या नियमांनुसार समसमान मतं म्हणजे ठराव नामंजूर. तेव्हाही आमचा ठराव पडलाच असता. काही संस्थांच्या घटनेत मात्र अध्यक्षाला दुसरं मत दिलेलं असतं. तिथे तो मंजूर झाला असता. तेच दहा जण, तेच हात, निकाल वेगळा. म्हणून नियम आधी लागतो, हात नंतर.

१७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग अजून खासदार होते. त्यांनी मत द्यावं का, हा वाद पेटला. अध्यक्ष बालयोगींनी तो त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला. गमांग यांनी मत दिलं. तो वाद आजही लोक काढतात. पण सरकारने निकाल मानला आणि राजीनामा दिला. एका मताने देशाचं सरकार जातं, मग आपल्या मंडळात 'एका मताने काय होतंय ओ?' असं कसं म्हणायचं?

आमच्याकडे काय झालं? ताई यायच्या बंद झाल्या. त्यांच्याबरोबर तिघे गेले. रविवारचा कट्टा बंद पडला. वर्षभराने अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायचा ठराव मी मांडला. पुन्हा समसमान. काकांनी तसंच दुसरं मत दिलं, यावेळी विरोधात. मी उसळलो, तर ते शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्षी तूच लिहिलंस की."

रॉबर्टच्या नियमांत एक गोष्ट मला उशिरा सापडली. झालेल्या निर्णयाच्या पुनर्विचाराची सूचना हरलेल्या बाजूला मांडता येत नाही, जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानेच ती मांडायची. म्हणजे ते काम माझं होतं, ताईंचं नव्हे.

मित्रांनो, आपली मंडळं, वाचनालयं, गावोगावची साहित्य संमेलनं पगारी माणसांवर चालत नाहीत. चिडून गेलेला माणूस परत आणायला आपल्याकडे काही नसतं. म्हणून वाद नसेल तेव्हाच बसून चार ओळी लिहून घ्या: गणसंख्या किती, मत कुणाला, बहुमत कशाचं, अध्यक्षाला मत किती. ठराव शब्दशः वाचून मगच हात वर करायला सांगा. फोनवरचं मतदान घटनेत असेल तरच धरा.

आणि हरलेला माणूस पुढच्या बैठकीला आला का, ते बघा. मतदान नीट झालं की नाही, ते तिथे कळतं.

गेल्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो, वही घेऊन. पुढच्या बैठकीत पुनर्विचाराची सूचना मी मांडणार आहे. त्यांनी चहा दिला. येईन म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत.