प्रोजेक्टचा झाला सिनेमा!

दोस्तांनो, दहावीला नापास झालेल्या मुलाला लोक काय काय ऐकवतात, ते तुम्हाला सांगायला नकोच! (पालकहो, तुम्हीही वाचताय ना?) सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर नावाचं गाव आहे. तिथला नागराज मंजुळे असाच दहावीला गडगडला. वडार समाजातलं गरीब घर आणि शाळेपेक्षा सिनेमाची ओढ जास्त. पण गडी पुन्हा बसला, पास झाला, पुण्याहून मराठीत एम.ए. झाला, कविता लिहू लागला.

मग ते नगरला (आताचं अहिल्यानगर) जनसंवाद शिकायला गेले. आपल्या संभाजीनगरहून एसटीने तीनेक तास! तिथे अभ्यासाचा भाग म्हणून लघुपट करायचा होता. तुमचं प्रोजेक्ट असतं ना, तस्संच. त्यांनी 'पिस्तुल्या' केला. एका गरीब मुलाला शाळेत जायचंय, पण जाता येत नाही, एवढीच गोष्ट. त्याला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला!

पुढचा 'फँड्री' (२०१३) त्यांनी स्वतःच लिहिला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. त्यातल्या जब्यासाठी नट शोधला नाही; हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे निवडला. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेल्या या पोराला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, बोला!

शेवटी जब्या एक दगड भिरकावतो, तो थेट आपल्याच अंगावर येतो. का भिरकावला असेल? सिनेमा आई-बाबांबरोबर बघा, आणि मग त्यांनाच विचारा.