एका पिनेची किंमत

शुक्रवार. दुपारचे साडेतीन. टार्गेट, टिफिन आणि टीम लीडर या तिन्हींचा सारखाच कंटाळा आलेला. अशात एचआरचा मेल टपकतो. ‘सरप्राइज! आज सहा वाजता टीम आउटिंग! चला बोलिंगला!’ मेलमध्ये जितकी उद्गारचिन्हं जास्त, तितकी काही जणांच्या पोटातली कालवाकालव जास्त.

कारण बोलिंगला गेलं की ऑफिसच्या तीन जाती पडतात. पहिली, कॉलेजपासून मॉलमध्ये पडीक असणाऱ्यांची. हे लोक बॉल उचलायच्या आधी हात वाऱ्यावर वाळवतात, स्टाइलमध्ये. दुसरी, बॉल म्हणजे तोफगोळा समजून फेकणाऱ्यांची. आणि तिसरी, ‘तुम्ही खेळा, मी बॅगा सांभाळतो’ म्हणणाऱ्यांची. आजचा कॉलम या तिसऱ्या जातीसाठी. म्हणजे खरं तर आपल्यातल्या निम्म्या लोकांसाठी, जे जालना, परभणी, सांगली, चंद्रपूर कुठून कुठून येऊन पुण्या-मुंबईत क्यूबिकलला लागले आणि ज्यांना हा खेळ कुणी कधी शिकवलाच नाही. न येण्यात काहीच वाईट नाही, बॉस. पण बॅगा सांभाळत बसलात, की पुढच्या वेळी तुम्हाला कुणी विचारत नाही. आणि ऑफिसात अर्धी ओळख मीटिंगमध्ये होते, अर्धी अशा ठिकाणी.

माझा मामेभाऊ याच जातीतला. गेल्या दिवाळीत मी जालन्याला मामाकडे गेले होते. मामाचं घर मस्तगडला. काबिल खानाने आसफ जाहच्या हुकमावरून १७२५ मध्ये बांधलेल्या किल्ल्याचं नाव मिरवणारा हा भाग. भाऊसाहेब नुकतेच पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगला लागलेले, अजून प्रोबेशनवर. फराळाचं ताट बाजूला सारून हळूच म्हणाला, ‘ताई, सुट्टी संपली की पहिल्याच शुक्रवारी आम्हाला बोलिंगला नेणारेत. पोटात दुखतंय सांगून सिक लीव्ह टाकू का?’

गल्लीत टेनिस बॉलने फलंदाजांच्या दांड्या उडवणारा हा पोरगा, आणि दांडी मारायची भाषा? म्हटलं, चल गच्चीवर. आणि येताना घरातल्या सगळ्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या आण.

गच्चीवरची लेन

दहा बाटल्या जमल्या. वाऱ्याने पडू नयेत म्हणून प्रत्येकीत चार बोटं पाणी भरलं आणि त्रिकोणात मांडल्या. पुढे एक, तिच्यामागे दोन, मग तीन, मग चार. दोन बाटल्यांच्या मधे एक फूट. खऱ्या पिना याच हिशोबाने उभ्या असतात. प्रत्येक पिन पंधरा इंच उंच आणि वजनाला दीड किलोहून थोडी जास्त. सगळ्यात पुढची ती एक नंबरची, शेवटच्या रांगेतल्या डावीकडून उजवीकडे सात, आठ, नऊ, दहा.

जिथून बॉल सोडायचा त्या रेषेपासून पुढची पिन ६० फुटांवर. मामाची गच्ची त्याच्या निम्मी. लेनची रुंदी मात्र जेमतेम साडेतीन फूट आणि दोन्ही बाजूंना गटार. गटारात गेलेल्या बॉलला शून्य. रेषेपलीकडे पाय पडला तर सगळ्या पिना पाडल्या तरी शून्य. थोडक्यात, नो-बॉल. हे त्याला लगेच समजलं.

बॉलच्या जागी आजीकडून नारळ मागून आणला. हसू नका. बोलिंगच्या बॉलला तीन भोकं असतात आणि नारळाला तीन डोळे. अंगठा एकात, मधलं बोट आणि अनामिका उरलेल्या दोनांत. तर्जनी आणि करंगळी बाहेर, फक्त आधाराला. पकड शिकवायला याहून स्वस्त साधन सांगा मला. (नारळ सरळ घरंगळत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष नेमबाजीला रबरी बॉल वापरला.) खालून मामीचा आवाज आला, ‘काय करू राहिले रे वर?’ म्हटलं, ऑफिसचं काम.

फुली म्हणजे शाबासकी

आता सगळ्यांच्या डोक्याला शॉट देणारा भाग, म्हणजे स्कोअरिंग. आजकाल स्क्रीनवर आपोआप आकडे येतात, म्हणून कुणी शिकतच नाही. आणि मग ‘अरे, मी इतक्या पाडल्या तरी हा पुढे कसा?’ हा प्रश्न पडतो. किराणा दुकानाच्या बिलामागे मी दहा चौकोन काढले.

एका गेममध्ये दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना आणि त्या पाडायला दोन चान्स. पहिल्या फेकीत सहा, दुसऱ्या फेकीत दोन, तर फ्रेमचे आठ. इथपर्यंत पहिलीचं गणित.

पहिल्या फेकीत सात आणि दुसऱ्या फेकीत उरलेल्या तीन पाडल्या, तर तो स्पेअर. खूण, तिरकी रेघ. याचे मिळतात दहा, अधिक पुढच्या एका फेकीत पडतील तितके. समजा पुढच्या फ्रेमची पहिली फेक सहाची, तर आधीच्या फ्रेमचे झाले सोळा.

पहिल्याच फेकीत दहाच्या दहा पाडल्या, तर स्ट्राइक. खूण, फुली. शाळेत फुली म्हणजे चूक, इथे फुली म्हणजे शाबासकी. याचे दहा, अधिक पुढच्या दोन फेकींचे. पुढे पाच आणि चार पडल्या, तर त्या स्ट्राइकचे एकोणीस. लागोपाठ तीन स्ट्राइक मारले, तर पहिल्याचे तीस. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला, तर हा हिशोब पुरा करायला जादा फेक मिळते. म्हणून बारा स्ट्राइक, तीस गुणिले दहा, जास्तीत जास्त स्कोअर ३००.

म्हणजे काय, तर तुमच्या चांगल्या कामाचं बक्षीस तुम्ही त्यानंतर काय करता यावर ठरतं. अप्रेझलसारखंच म्हणा ना!

आता खरा फंडा. भावाला म्हटलं, एक गणित कर. एक माणूस प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या फेकीत नऊ पिना पाडतो आणि उरलेली एक दर वेळी चुकवतो. त्याचा स्कोअर? ‘नऊ दाहे नव्वद.’ बरोबर. दुसरा माणूस तितक्याच, म्हणजे नऊच पाडतो, पण उरलेली एक पिन दर वेळी उचलतो. त्याचा? त्याने बिलावर मांडलं. दहा अधिक नऊ, एकोणीस. दहा फ्रेमचे एकशे नव्वद.

तो गप्पच झाला. दोघांचा पहिला बॉल अगदी सारखा. फरक फक्त दर फ्रेमला एका पिनेचा, आणि शेवटी अंतर पूर्ण शंभरचं!

मग मीच पुढचं मांडलं. एक हिरो एक आड एक फ्रेमला स्ट्राइक मारतो, म्हणजे गेममध्ये पाच. टाळ्या, शिट्ट्या, हाय-फाइव्ह. पण मधल्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या जेमतेम चार पिना पडतात. त्याचा एकूण स्कोअर? नव्वद. आणि एकही स्ट्राइक न मारता दर फ्रेमला आधी सात आणि मग तीन उचलणारा, ज्याच्याकडे कुणी बघतही नाही, तो जातो १७० वर.

‘म्हणजे ताई,’ टेस्टिंगवाला बोलला, ‘नाइंटी पर्सेंट डन म्हणजे डन नाहीच.’

आणि हे मस्तगडच्या पोरांना नवीन आहे का? लगोरीत तरी दुसरं काय असतं? सात ठिकऱ्या फोडणं सोपं, धुरळा उडतो, मजा येते. पण गेम जिंकतो तो, जो त्या परत रचतो.

चार पावलं, एक नजर

बॉल घेताना भाव खाऊ नका. बॉलवरचा आकडा म्हणजे पौंडातलं वजन, सहापासून सोळापर्यंत. आपल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा असा ठोकताळा आहे, पण नवख्याने त्याहूनही एक-दोन आकडे खाली यावं. बॉल उचलून हात लोंबता सोडा. खांदा खाली ओढला गेला, तर तो बॉल तुमचा नाही. अंगठा भोकातून सहज सुटायला हवा, अडकता कामा नये.

पावलं चार. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजव्या पायाने सुरुवात करायची. पहिल्या पावलाला बॉल पुढे ढकला. दुसऱ्याला तो झोपाळ्यासारखा खाली येईल, तिसऱ्याला मागे जाईल, चौथ्याला डावा पाय घसरत रेषेच्या अलीकडे थांबेल आणि हात पुढे येईल. डावखुऱ्यांनी सगळं उलट करावं. जोर लावायचा नाही. बॉलचं वजनच जोर लावतं. मनगट सरळ ठेवा आणि बॉल सुटल्यावर हात तसाच वर येऊ द्या, समोरच्याशी शेकहँड करायला जातो तसा. फास्ट बोलरांनी इथे विशेष काळजी घ्यावी. आमच्या पोराचा पहिला बॉल बाटल्यांवरून थेट शेजारच्या गच्चीवर गेला होता.

आणि नजर? पिनांकडे नाही. लेनवर साधारण पंधरा फुटांवर सात बाण काढलेले असतात. नेम त्यांच्यावर धरायचा. साठ फुटांवरच्या पिनेपेक्षा पंधरा फुटांवरचा बाण गाठणं केव्हाही सोपं. सरळ बॉल टाकणाऱ्याने मधल्या बाणापासून सुरुवात करावी. जमायला लागलं की उजव्या हाताने टाकणाऱ्याने एक आणि तीन नंबरच्या पिनांमधली फट गाठायची, डावखुऱ्याने एक आणि दोनमधली. समोरून नाकावर बसलेला बॉल बरेचदा दोन कोपऱ्यांत पिना सोडून जातो. त्याला स्प्लिट म्हणतात, आणि सात-दहाचा स्प्लिट आला तर फार मनावर घेऊ नका, कसलेल्या खेळाडूंनाही तो क्वचितच जमतो.

उरलेल्या पिनेसाठी एकच नियम, तिरकं जा. पिन उजव्या कोपऱ्यात राहिली तर तुम्ही डावीकडे उभे राहा आणि लेन तिरपी कापा. डावीकडे राहिली तर उजवीकडे उभे राहा. आणि बॉल डावीकडे चुकला तर पुढच्या वेळी पाय थोडे डावीकडेच सरकवा, बाण तोच ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

साच्यांच्या जागी लेन

या खेळाचे नियम पक्के झाले ते अमेरिकेत. १८९५ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली. तेव्हा पिना उभ्या करायला लेनच्या टोकाला पोरं बसवलेली असत. पडलेल्या उचला, मांडा, बॉल परत पाठवा, आणि उडणाऱ्या पिना चुकवा. १९५० च्या दशकात हे काम यंत्रांनी घेतलं आणि पोरं गेली. आता तर बऱ्याच ठिकाणी पिनांना वरून दोऱ्या बांधलेल्या असतात. आशियाई स्पर्धांत बोलिंग १९७८ मध्ये आलं, राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ मध्ये क्वालालंपूरला, तेही एकदाच.

मुंबईतल्या पोरांना या खेळाची चटक लागली, ती दोन हजार सालाच्या आसपास, लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारातल्या ‘बोलिंग कंपनी’त. २०१२ मध्ये जवळच कमला मिलच्या आवारात ‘स्मॅश’ सुरू झालं. दोन्ही जागा गिरण्यांच्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातले साचे एकेक करून थांबले, आणि जिथे साच्यांचा खडखडाट होता तिथे पिनांचा आला. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा त्या गेटमधून पाळीला गेले असतील. त्याच परिसरात तुम्ही मोजे आणि भाड्याचे बूट घालून उभे आहात. तेव्हा ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ असं निदान तुम्ही तरी म्हणू नका.

भावाने सिक लीव्ह टाकली नाही. स्कोअर ८३. पहिले दोन बॉल गटारात, पण पुढे तीन स्पेअर. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे, स्क्रीन बंद पडली तेव्हा सगळ्या टीमचा हिशोब टिश्यू पेपरवर यानेच केला. आता त्याला टीममध्ये नावाने ओळखतात.

तर मंडळी, एवढं लक्षात ठेवा. शेजारच्या लेनवर तुमच्या उजवीकडचा आधी आलेला असेल तर त्याला आधी टाकू द्या. बूट घालून बाथरूममध्ये जाऊ नका, तळवा ओला झाला की पाय घसरायच्या जागी अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. लेनवर तर पाऊल टाकूच नका, तिथे तेल असतं. स्ट्राइक मिळाला तर नाचा जरूर, पण एक पिन उरली तर ‘जाऊ दे यार’ म्हणून बॉल भिरकावू नका. थांबा, तिरके उभे राहा, बाण बघा.

आणि हो, शुक्रवारी ऑफिसला जाताना बिनभोकाचे मोजे घाला. मेल कधीही येऊ शकतो.