वरून धो धो पडतंय आणि आपण आरओ विकत घेतोय



परवा एकाचा फोन आला. धिंगरी अळिंबीची शेड घालतोय, ह्युमिडिफायर आणलाय. मशीन विकणारा म्हणतो, "पाणी कसलं पण चालतं." दुसरा म्हणतो, "आरओ बसवल्याशिवाय चालूच करू नका." माझ्या मते दोघंही चुकतायत. स्पष्टच लिहितो.

आधी पहिल्याचं. अल्ट्रासॉनिक मशीन पाण्याची वाफ करत नाही. पाणी थरथरवून बारीक थेंब हवेत फेकतं. पाण्यातला क्षार थेंबाबरोबर उडतो आणि थेंब सुकला की भुकटी होऊन बसतो. पहिल्या वर्षी मी बोअरचं पाणी घातलं. दिसायला काचेसारखं. पंधरा दिवसांत भिंतीवर, पिशव्यांवर पांढरा थर. बुरशी समजून सहा पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. मग भिंतीवरच्या थरावर लिंबू पिळलं, तर फसफसलं. बुरशी कशाला फसफसेल? तो चुना होता. मीटर लावला, टीडीएस ४१०. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरतात. म्हणजे पाणी पिण्याजोगं होतं, हवेत उडवण्याजोगं नव्हतं. तीच भुकटी शेडमध्ये आपल्या नाकातोंडात जाते, हे विसरू नका. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेला क्षार जात नाही.

आता आरओ. पाणी चांगलं देतो, कबूल. पण घरगुती मशीन एक लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकर लागतो आणि आपण पाणी गटारात सोडायचं? ज्याच्याकडे पाऊसच नाही त्याने घ्यावा. खेडमध्ये कशाला?

हिशोब करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ४६ चौरस मीटर. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे सव्वा लाख लिटरच्या वर पाणी पागोळ्यांनी वाहून जातं. अळिंबीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते, ती पावसाळ्यात फुकट असते, मशीन बंद ठेवा. गरज दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. दिवसाला २० लिटर धरलं तरी १५० दिवसांत ३००० लिटर. एक टाकी पुरते!

पहिले आठ-दहा दिवस पन्हळीचं पाणी सोडून द्या, छप्पर धुऊन निघू दे. मग फडक्याने गाळून काळ्या, झाकणाच्या प्लॅस्टिक टाकीत भरा. नव्या सिमेंटच्या टाकीत नको, चुना उतरतो. माझ्या टाकीचा टीडीएस २५ आहे.

पण क्षार नाही म्हणजे जंतू नाहीत असं नाही. पक्ष्यांची विष्ठा छपरावरच पडते. पाणी उकळून, गार करून घाला. मशीनची टाकी रोज रिकामी करून घासा. शिळ्या पाण्यात बुळबुळीत थर धरतो आणि मशीन तेच जंतू अळिंबीवर फवारतं. मग पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि आपण बियाण्याला शिव्या देतो.

आणि ज्याच्या पन्नासच पिशव्या आहेत त्याने मशीन घेऊच नये. ओलं गोणपाट टांगा. त्यातून नुसती वाफ निघते, क्षार गोणपाटातच राहतो.

मशीन घेण्याआधी टीडीएस मीटर घ्या. आणि पाऊस जायच्या आत टाकी भरा. पटत नसेल तर खाली लिहा, पण आधी मोजून लिहा.